कौसीची पोळी

ये गं माला, अशी जवळ ये. माझ्या डाव्या अंगाला बस, उजव्या कानाचा आता भरवसा राहिला नाही. तू नागपुरात आणि मी इथं चंद्रपुरात लेकाच्या घरी, पण कागदावर जवळ बसवायला कोणाची परवानगी लागते? आधी तुला रागावून घेते, मग सांगायचं ते सांगते. रक्ताच्या रिपोर्टात एक आकडा जास्त आला म्हणून तू त्याच दिवशी कणकेचा डबा शेजारणीला देऊन टाकलास. दुर्बिणीची तपासणी अजून व्हायची आहे, आणि वर मलाच फोनवर म्हणतेस, "मोठीमाय, गहू सोडला तं पोट हलकं झालं, आता दुर्बीण कायले?" अगं वेडे, गहू पोटात चालू असतानाच आतड्यात पाहावं लागतं. सोडून बसलीस की आतडं हळूहळू भरून येतं, मग तपासणारा म्हणतो सगळं ठीक आहे, आणि तू जन्मभर विचार करत राहशील की होतं का नव्हतं. न कळता राहणं काय असतं ते आपल्या घरानं साठ वर्षं पाहिलं आहे. उद्याच डॉक्टरांना फोन कर, काय केलंस ते खरं सांग, आणि ते म्हणतील तसं खा.

झालं रागावून. आता ऐक. माझ्या आठवणींच्या वहीत हे प्रकरण लिहायचं मी टाळत आले. माझं लग्न, धान रोवण्याचे दिवस, नदी गावात शिरली ते साल, सगळं लिहून झालं, हे तेवढं मागं राहत गेलं. तुझी आई कौसी, माझी धाकटी बहीण, तिनं तुला लहानपणापासून सांगितलं की तिच्या मायनं तिला उपाशी ठेवलं आणि मग मामाच्या घरी टाकून दिलं. तू ते ऐकत वाढलीस. तुझ्या आजीचा फोटो तुमच्या घरात कधी लागला नाही तो त्यामुळेच. पण माय तशी नव्हती. आणि ती तशी होती असं जे सगळ्यांच्या मनात बसलं, ते माझ्या जिभेनं बसवलं. हे कौसीला सांगितल्याशिवाय मला मरायचं नव्हतं, आणि सांगायचं म्हटलं की मी भलतंच काही बोलून उठायची. ते शेवटी कसं सांगितलं, आणि त्यात ह्या रिपोर्टांनी काय केलं, ते लिहिते. मी काही शिकलेली नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं वाचायला मी बाबांच्या डाकेच्या थैलीतल्या पत्त्यांवर बोट फिरवून शिकले. तेव्हा शुद्धलेखनाकडे पाहू नको.

आमचं गाव ब्रह्मपुरीच्या पलीकडे, वैनगंगेच्या अंगाला. बाबा सायकलीला थैली बांधून सकाळी डाक आणायला जात ते दिवस कलल्यावर परत येत, त्यामुळे घर म्हणजे माय, मी आणि कौसी. सकाळ व्हायची ती ढेकीच्या आवाजानं. आता तुम्हा पोरींना ढेकी माहीत नसेल, म्हणून सांगते. लांब लाकडी दांडा, एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय द्यायचा. पाय दिला की मुसळ वर जातं, सोडला की खालच्या खड्ड्यात धप्पकन धानावर पडतं. पाय मायचा, आणि खड्ड्यातलं धान हातानं सारखं करायचं काम माझं. माय पाय सोडायच्या आधी बारीकसं "हं" म्हणायची, त्या आवाजावर मी हात काढून घ्यायची. इतकी वर्षं हे केलं, एकदाही माझ्या बोटाला मुसळ लागलं नाही. मायचा हात, मायचा पाय असा नेमका होता. तो कोंड्याचा वास, ते कोंबड्यांचं भोवती घुटमळणं, आणि मध्येच सूप पाखडताना उडणारी धूळ नाकात जाऊन मला येणाऱ्या शिंका, आजही गिरणीवरून गेले की सगळं एकदम येतं.

आमच्याकडे जेवण म्हणजे भात. "जेवलीस का" असं कोणी विचारतच नसे, "भात खाल्ला काय वं" असं विचारत. सकाळी आंबील, दुपारी भात आणि लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण, रात्री तोच भात, कधी बोडीतल्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्यातल्या, बारीक मासोळ्या, कधी रानातली भाजी, जवसाच्या तेलाची फोडणी. सणाला तांदळाच्या पिठाचे आयते, तव्यावर टाकले की कडेला जाळी पडायची, ती जाळी कौसी आणि मी भांडून खायचो. गव्हाची पोळी मात्र लग्नात, नाही तर कोणी साहेब तपासणीला आला तर सरपंचाच्या घरी. एखाद्या घराचा मोठेपणा सांगायचा तर म्हणत, "त्याइच्या घरी रोज पोळी होते." म्हणणारा असा मान हलवायचा की त्याच्या दारात मोटार उभी आहे.

कौसी चार वर्षांची असताना तिला हिवताप आला. महिनाभर अंगात ये-जा करत राहिला, आणि उठली ती काडी होऊन. माय तिला पाठीवर घेऊन पोंभुर्ण्याकडच्या एका वैदूकडे गेली, लांब पडायचं ते, दोन दिवस मोडले. वैदूनं कौसीचे डोळे उलटून पाहिले आणि सांगितलं, भात पाण्यासारखा असते, अंगी लागत नाई, लेकरू वाचवायचं तं गहू चारा, भात तोंडालेही लावू नका. झालं. मायला ते देवाच्या सांगण्यासारखं होतं. बाबांची बहीण, आमची आत्याबाई, वरोऱ्याकडे दिली होती. तिकडे कापूस, ज्वारी, गहू. तिला निरोप गेला आणि तिनं जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून गहू पाठवला. तो संपत आला की दुसरं गाठोडं यायचं. मायनं तो पत्र्याच्या डब्यात भरून आढ्याला टांगून ठेवला, उंदरांनाही मिळू नये आणि मलाही.

रोज सकाळी दोन मुठी गहू जात्यावर. जातं मोठं आणि गहू एवढासा, त्यामुळे ते रिकामंच घुरघुरायचं, तो आवाज मला अजून सहन होत नाही. मग चुलीवर एक पोळी. तिला तूप, असलं तर. गूळ, असला तर. कौसी मांडीवर, आणि माय एकेक घास मोडून तिच्या तोंडात. कौसी मान फिरवायची. "माय, मले भात दे वो," म्हणून रडायची, माझ्या थाळीकडे हात करायची. माय तो हात धरून बाजूला घ्यायची, "भात नाई बाई, पोळी खा, दोन घास, तुयासाठी आणली ना आत्याबाईनं." आणि इकडे मी भाताची थाळी पुढ्यात घेऊन त्या पोळीकडे पाहत बसलेली. भाजलेल्या गव्हाचा तो वास, माला! एकदा मी मागितली होती. माय म्हणाली, "तू धडधाकट हायेस, तुले कायले?" मला माझ्या धडधाकट असण्याचा राग आला. मनात म्हणायची, मलाही ताप यावा.

आणि कौसी सुकत गेली. पोट तेवढं मडक्यासारखं पुढं आलं, हातपाय वाळलेले, दिवसातून चारचारदा परसाकडे, तेही पांढरट आणि असा वास की शेजारीण नाकाला पदर लावून बोलायची. केस विरळ झाले. चिडकी इतकी झाली की कोणी हात लावला तरी किंचाळायची. गावात बालवाडी सुरू झाली होती, तिथं पोरांना सुकडी, म्हणजे गोड पिठाचा कोरडा खाऊ मिळायचा, तोही गव्हाचाच. माय त्या बाईच्या पाया पडून कौसीसाठी दोन मुठी जास्त आणायची. पोर जितकी खंगली तितकी मायनं पोळी वाढवली. एकाच्या दोन झाल्या, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. काय करत होतो आम्ही! आणि किती मायेनं करत होतो!

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, म्हणजे गावची जत्रा. गावोगावचे पाहुणे येतात, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ होतात, घरोघर माणूस मावत नाही. त्या वर्षी आत्याबाई आली, सोबत नवं गाठोडं घेऊन. मामाही आला, मायचा भाऊ, गडचिरोलीच्या आत जंगलातल्या गावचा, उंच आणि कमी बोलणारा. त्या दिवशी सकाळीच मी मायला म्हटलं होतं, आज मंडई आहे, आज तरी मला पोळीचा तुकडा दे. तिनं दिला नाही. आत्याबाई आल्यावर दाखवायला कौसी जरा तरी बरी दिसावी म्हणून त्या दिवशी तिला घाईघाईनं दोन्ही पोळ्या सकाळीच चारल्या होत्या. हे लक्षात ठेव.

ओसरीवर माणसं बसली होती. आत्याबाईनं कौसीला मांडीवर घेतलं आणि तिच्या दंडाभोवती अंगठा आणि बोट धरलं, तर ती दोन्ही एकमेकांना लागली.

"अवं वयनी, हे काय वो? म्या गव्हाचं गाठोडं पाठवलं, ते कुठी गेलं?"

माय चुलीजवळूनच म्हणाली, "तिलेच तं देतो बाई. रोज देतो. दोन येळा देतो."

"गहू पोटात गेला असता तं पोट्टी अशी दिसली असती? आमच्याकडचे बैल येऊन पाह्य एकदा."

"तुमच्याकडचे बैल गहू खातेत काय?" मामा म्हणाला, आणि ओसरीवर हशा पिकला.

आत्याबाई हसली नाही. तिचीही चूक नव्हती गं. गहू खाऊन कोणी वाळतो हे तिनं कुठं पाहिलं होतं? तिच्या हिशोबात गोष्ट सरळ होती, गहू गेला आणि पोर वाळली, तर गहू दुसऱ्याच पोटात गेला. तिनं मला हाक मारली. "इकडं ये वं. तू मोठी हायेस, समजदार हायेस. खरं सांग. तुयी माय कौसीले भात देते काय?"

"नाई," मी म्हटलं.

ते खरं होतं. पण भाताच्या मुलखात, पाच वर्षांच्या लेकराला भात देत नाही म्हटल्यावर ओसरीवर काय झालं असेल ते तूच समज. लांब कुठंतरी ढोलकी वाजत होती, तेवढीच ऐकू येत होती.

"अन् पोळी? पोळी देताना पाह्यलं काय तू?"

माय तिथंच होती. हातात उलथणं. माझ्या नाकात अजून सकाळच्या पोळीचा वास होता. मी खाली पाहिलं आणि म्हटलं, "म्या नाई पाह्यली."

मायनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिनं असं पाहिलं की मी कुठं पडले-बिडले आणि लागलं का मला. बाबा ओसरीच्या कडेला बसले होते. ते एवढंच बोलले, "पोरगी कायले खोटं बोलंल?" त्यावर माय आत गेली, आणि त्या दिवशी पाहुण्यांना भात वाढेपर्यंत बाहेर आली नाही.

मामानं रात्रीचं जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं, "माया बहिणीले मी वळखतो. ते असं करणार नाई. पण लेकरू हातचं जाऊन राह्यलं. मी नेतो थोडे दिवस." सकाळी त्यानं कौसीला खांद्यावर घेतली. माय मागं मागं गावकुसापर्यंत गेली, मी दारातच उभी. थोडे दिवस म्हणाला होता. कौसी परत आली नाही ती आलीच नाही.

कारण ती तिथं भरली गं! मामाच्या गावात गव्हाचा दाणा नव्हता. भात, आंबील, मोहाची फुलं, नाल्यातले मासे. होळीनंतर माय आणि मी तिला आणायला गेलो तर अंगणात एक गुबगुबीत पोर कोंबडीच्या मागं धावत होती, मला आधी ओळखूच आली नाही. मायनं हात पुढे केले, आणि कौसी मामीच्या लुगड्यामागं दडली. मामी बिचारी चांगली, तिनं सहज म्हटलं, "इथी तं दोन येळा भात खाते वो, मागून मागून खाते." माय म्हणाली, "खाऊ दे." आणि ती हात तसेच मागे घेऊन बसली. येताना जंगलाच्या वाटेनं ती माझ्या पुढे पुढे चालत राहिली. नदी लागली तेव्हा पाण्यात पाय घालून उभी राहिली आणि म्हणाली, "माया हातालेच काही तरी हाय."

मी अकरा वर्षांची होते. तेव्हाच सांगता आलं असतं, माय, मी खोटं बोलले. नाही सांगितलं. मला वाटलं, कौसी बरी झाली ना, मग आता काय. पुढं माझी स्वतःची लेकरं झाली. बाळंतपणाला माहेरी आले, तर माय सगळं करायची, न्हाऊ घालायची, शेक द्यायची, पण बाळाला एक घास तिनं स्वतःच्या हातानं भरवला नाही. वाटी माझ्या हातात द्यायची. "तूच भरव," म्हणायची. माझा प्रकाश लहानपणी तिच्या हातातल्या वाटीकडे आ करून बसायचा आणि ती वाटी माझ्याकडे सरकवायची. तेव्हाही मी सांगितलं नाही. माय गेली तेव्हा तुझी आई आली होती, पण ती दारातच बसली, आत आली नाही. लोक म्हणाले, बरोबर आहे, पोटच्या पोरीला भात दिला नव्हता. मी तिथंच होते. त्यांना पाणी देत होते.

आता प्रकाशच्या घरातलं सांगते. त्याची रेणू, माझी नात, आठ वर्षांची. वर्गात सगळ्यांत बुटकी, रक्त कमी, पोट दुखतं म्हणून शाळेतून घरी. मीच तिला म्हणायची, पोळी खा बाई, ताकद येईल. पाहा, माझ्या तोंडातून मायचंच वाक्य निघत होतं. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, मग दुर्बिणीनं आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला, आणि आजाराचं नाव सांगितलं, सिलिॲक. गव्हात एक चिकट भाग असतो, ग्लुटेन म्हणतात, तो पोटात गेला की अंग स्वतःच्याच आतड्याशी भांडायला लागतं आणि आतडं झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध काही नाही, गहू बंद करायचा, जन्मभर. भात चालतो. मी विचारलं, "भात चालते?" त्या म्हणाल्या, "आजी, भात तर उत्तमच." माझ्या हातातली पिशवी खाली पडली होती, ती मी उचललीच नाही. प्रकाशनं उचलली.

हे रक्ताच्या नात्यात असतं म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्यांना तपासायला सांगितलं. दोन तपासण्या, एक अंगात भांडण चालू आहे का त्याची, दुसरी जीनची. कौसी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चंद्रपूरला आली होती तेव्हाच प्रकाशनं तिचंही रक्त देववलं. तुझं तू नागपुरात केलंस. सगळे कागद आले तेव्हा मी ते पलंगावर मांडले आणि चष्मा लावून बसले. प्रकाशचं भांडण नाही, जीन आहे. माझं भांडण नाही, जीन आहे. कौसीचं भांडण नाही, जीन आहे. तुझं मात्र दोन्ही आहे. मी आणि कौसी, दोघींचे कागद असे सारखे की नाव झाकलं तर कोणाचा कोणता कळू नये. मी मनाशी म्हटलं, म्हणजे कौसीलाही काही नाही. मग तेव्हा काय झालं होतं? मग मायच्या हाताला खरंच काही होतं का? साठ वर्षांनी मीही तेच विचारत बसले, पाहा.

प्रकाशनं डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला. त्यांनी मला धानाच्या भाषेत समजावलं, बाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. म्हणाल्या, "आजी, जीन म्हणजे घरात ठेवलेलं बियाणं. घरात बियाणं आहे म्हणून शेताच्या बांधीत धान उभं असतं का? बहुतेक लोकांच्या घरात ते तसंच पडून राहतं. बियाणंच नसतं तर गोष्ट मिटली होती." मग विचारलं, "तुम्ही गहू खाता?" मी म्हटलं, साखरेची व्याधी लागल्यापासून तुम्हा लोकांनीच भात कमी करून पोळी लावली ना. "मग तुमचा साफ रिपोर्ट खरा. आज तरी तुम्हाला काही नाही. आणि कौसाबाई?"

"कौसी? ती लहानपणापासून गहू खात नाही. म्हणते सोसत नाही. रेशनचा गहूही शेजारी देऊन टाकते."

"मग त्यांच्या साफ रिपोर्टाला अर्थ नाही," त्या म्हणाल्या. "पेरणीच केली नाही त्या बांधीत पीक आलं नाही म्हणून काय सांगणार?"

बघ माला, दोन बहिणींचे दोन सारखे कागद, आणि एक बोलतो, एक मुका. मी विचारलं, पक्कं कसं कळेल? तर म्हणाल्या, सहा-आठ आठवडे रोज गहू खाऊन मग पुन्हा तपासावं लागेल, पण ह्या वयात मी ते सांगणार नाही, त्या न खाता बऱ्या आहेत तर तशाच राहू द्या. शिवाय काही जणांचं आतडं झिजत नाही तरी गहू सोसत नाही, त्याला तर अशी तपासणीच नाही. मग मी त्यांना मंडईची गोष्ट सांगितली. माझं खोटं सोडून बाकी सगळी. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. म्हणाल्या, "आजी, ती पाच वर्षांची मुलगी माझ्यासमोर नाही, त्यामुळे मी लिहून देऊ शकत नाही. पण गहू दिला की बिघडली आणि गहू सुटला की भरली, हे ऐकून मला कोणाच्या हाताचा संशय येत नाही. गव्हाचा येतो."

लिहून देऊ शकत नाही. म्हणजे कागद काही मायची बाजू घेणार नव्हता. मग उरले कोण, तर मी.

प्रकाश आणि मी पोंभुर्ण्याजवळ कौसीच्या गावी गेलो तेव्हा ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून म्हणाली, "बाई, माया डोळा पाहाले आली काय? बरा हाय. आता तुया सुरकुत्या साफ दिसून राह्यल्या." मी शेजारी बसले, शेंगा घेतल्या, आणि सोलता सोलता रेणूचं, रिपोर्टांचं, बियाण्याचं, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. सहा आठवड्यांचं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"मंग आन गहू. खातो."

"काऊन? डॉक्टरीणबाई नको म्हणते."

"मले पाहाचं हाय. माय खोटी का मी खोटी, हे मले मरायच्या आंधी पाहाचं हाय. मी भात मांगो अन् ते माया हात धरून बाजूले करे, हे मले दिसते बाई. अजून दिसते. ते खोटं हाय काय?"

प्रकाश उठून हातपंपाकडे गेला. समजूतदार आहे पोरगा. मी म्हटलं, "खोटं नाई. ते तसंच करे. पण दुसऱ्या हातात पोळी राहे. रोज. दोन येळा. म्या पाह्यली, कौसे. एकही दिवस असा नाई का म्या पाह्यली नाई. अन् आत्याबाईनं इचारलं तवा म्या सांगतलं, नाई पाह्यली म्हणून."

तिनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली. मग म्हणाली, "काऊन?"

"मले पाहिजे होती ते पोळी."

कौसीनं माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशनचा डोळा अजून लाल होता. "अन् मले तुया भात पाहिजे होता," ती म्हणाली, आणि एकदम हसली, अशी हसली की मला बरं वाटलं, आणि मग ते हसू मोडलं आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी हात लावला तर तिनं झटकला. "साठ वरसं तुले तोंड नव्हतं काय? मायच्या मैतीले मी दारात बसलो, तवा तरी सांगाचं!" मी ऐकून घेतलं. ऐकून घ्यायलाच गेले होते. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "माय सोता खाये काय पोळी?"

"कधीच नाई. आंबील पिऊन राहे. कौसे, ते म्हणे माया हातालेच काही तरी हाय. मरेपर्यंत कोण्या लेकराले तिनं घास भरवला नाई."

हे तिला माहीत नव्हतं. तिनं पदर खाली घेतला. "म्हंजे तिलेही माहीत नव्हतं," ती हळूच म्हणाली. "मी इकडे तिच्यावर राग धरून बसलो, अन् ते तिकडे सोतावर." मग उठली, हात धुतले, आणि मला सांगितलं, "आज तुले चहा नाई करत मी. मनच होत नाई. जाय आज." मी उठले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. गाडीत बसले तेव्हा ती फाटकापर्यंत आली आणि खिडकीला धरून उभी राहिली. म्हणाली, "गव्हाचं राहू दे. आता नाई लागत मले ते." आणि मग, "मालीले काही बोलू नको. लहानपणापासून म्या तिच्या कानात मायचं वाईट भरलं. ते काढीन तं मीच काढीन."

मी म्हटलं, मी तर लिहून राहिले आहे. तर म्हणाली, "तुया खोट्याचं तू लिही. मायचं मी सांगतो. समोर बसवून सांगतो, फोनवर नाई." माझ्या खोट्यासोबत मायचं जेवढं आलं तेवढं आलं, बाकीचं तिच्याच तोंडून ऐक.

तेव्हापासून ती रोज सकाळी मला फोन करते. चहाचं अजून विचारत नाही, पण फोन करते. माली कधी येऊन राह्यली, एवढंच विचारते. परवा म्हणाली, तिला आता मायचा आवाज आठवायला लागला आहे, पाठीवर घेऊन वैदूकडे नेताना जंगलात माय एक गाणं गुणगुणायची ते तिला अर्धं सापडलं आहे, उरलेलं मला येतं का. मला येत नाही गं. तिला जेवढं सापडलं तेवढंही ती मला म्हणून दाखवत नाही, तुझ्यासाठी ठेवून बसली आहे. म्हणून दुर्बिणीचं तुझं उरकलं की सरळ पोंभुर्ण्याची बस धर. प्रकाश मला गाडीत घेऊन फाट्यावर येईल, मलाही सोबत ने, बसू दिलं तर मी ओसरीवर बसेन. पण तू ये माला, लवकर ये, ती रोज अंगण झाडून वाट पाहून राहिली आहे.